उपकरणात डायल-अप मोडेम मॉड्यूल बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्वतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही छोटे कंट्रोलर बनवतो. पंपाचे, जनरेटरचे, शीतगृहाचे. त्यांतल्या काहींच्या पोटात आजही डायल-अप मोडेमचं, म्हणजे साध्या टेलिफोन लाईनवरून फोन लावून माहिती पाठवणारं, मॉड्यूल असतं आणि त्याबद्दल फोन येतच राहतात: मेंटेनन्सवाल्यांचे, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचे, भोसरीतल्या लहान कारखानदारांचे. प्रश्न तेच तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मोडेमच्या आज्ञा आणि चिपचे नंबर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.

घरोघरी फायबर आलं. आता डायल-अप कशाला?

उपकरण नवं असेल, पुण्यातच बसणार असेल आणि तिथे मोबाईलची रेंज असेल, तर नकोच. ४जी मॉड्यूल घ्या आणि हे पान इथेच मिटा. आमचंही बहुतेक नवं काम त्यावरच चालतं.

डायल-अप उरलंय ते अडचणीच्या जागी. कुठे मुख्य कार्यालयातलं जुनं सॉफ्टवेअर अजून मोडेमवरच फोन घेतं आणि ते बदलायचा विषय काढला की सगळे खिडकीबाहेर बघतात. कुठे तिसऱ्या तळघरातली पंपरूम असते, कुठे वेल्ह्याकडे डोंगराच्या कुशीतलं व्हॉल्व्ह हाउस, जिथे मोबाईलची एक दांडीही दिसत नाही. कुठे दहा वर्षांपूर्वी पुरवलेल्या मालाचा स्पेअर द्यायचा असतो.

तांब्याच्या लाईनचा एक गुण मात्र अजून कुणाला नाही. तिला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळते, उणे ४८ व्होल्ट. गावात लाईट गेली तरी फोन जिवंत असतो. ‘लाईट गेली’ हाच निरोप ज्या उपकरणानं द्यायचा आहे, त्याला याहून चांगला सोबती नाही. फक्त उपकरणाला स्वतःची छोटी बॅटरी हवी; लाईनमधून वीज चोरून कंट्रोलर चालवायचा विचारही करू नका.

तयार मॉड्यूल घ्यावं की मोडेमची चिपच बोर्डवर बसवावी?

‘सॉकेट मोडेम’ साच्यातलं मॉड्यूल साधारण अडीच इंच लांब आणि इंचभर रुंद असतं. एका टोकाला सीरियल पोर्टच्या आणि सप्लायच्या पिना, दुसऱ्या टोकाला टेलिफोन लाईनच्या दोन. मधला सगळा व्याप बनवणाऱ्यानं केलेला असतो.

चिपचा मार्ग स्वस्त पडतो. सिलिकॉन लॅब्सची एसआय२४ मालिका सगळ्यांच्या ओळखीची: एसआय२४०१ ही २४०० बिट्सची, एसआय२४१५ ही १४,४०० ची, एसआय२४३४ ही ३३,६०० ची, एसआय२४५७ ही ५६,००० ची. सोबत लाईनकडे बसणारी एसआय३०१८ किंवा एसआय३०१० ही दुसरी छोटी चिप. पण मग लाईनकडचं लेआउट, इन्सुलेशन, सर्ज (लाईनवरून येणारा विजेचा झटका), सगळी जबाबदारी तुमची. वर्षाला शंभर नगांच्या आत काम असेल तर मॉड्यूल घ्या, असंच मी सांगतो. चिपमध्ये वाचवलेले पैसे दोनदा बोर्ड परत करून घेण्यात जातात. आमचे गेलेत.

वेग कोणता निवडावा? ५६के घेतलं तर जास्त चांगलं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझं उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो: २४०० घ्या.

आधी ५६के चं बघू. व्ही.९० या पद्धतीत ५६,००० चा वेग फक्त एकाच दिशेला मिळतो आणि तोही समोरचं टोक एक्स्चेंजला डिजिटल लाईननं जोडलेलं असेल तरच. इंटरनेट कंपनीकडे तशी सोय असायची. तुमच्या कंट्रोलरकडून ऑफिसातल्या मोडेमला फोन जाणार असेल, तर दोन्ही टोकं साध्या लाईनवर आहेत. मग कितीही महाग मोडेम लावा, ३३,६०० च्या वर काटा जात नाही.

आता ३३,६०० तरी हवेत का? पंपाचा एक अहवाल दोनशे अक्षरांचा असतो. २४०० बिट्स म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं, कारण एका अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात. अहवाल एका सेकंदाच्या आत गेला. व्ही.३४ चा, म्हणजे ३३,६०० चा, मोडेम तोच अहवाल डोळ्याची पापणी लवायच्या आत पाठवेल, पण त्याआधी ते दोन मोडेम दहा-पंधरा सेकंद एकमेकांशी किंचाळत लाईन मोजत बसतील. व्ही.२२बिस, म्हणजे २४०० ची पद्धत, काही सेकंदांत जुळते. लहान निरोपाला धीमा मोडेमच लवकर पोचतो.

शिवाय व्ही.३४ ला आवाजाचा जवळजवळ सगळा पट्टा स्वच्छ लागतो. व्ही.२२बिसचं सगळं काम १२०० आणि २४०० हर्ट्झच्या दोन वाहक लहरींभोवती सेकंदाला ६०० बदलांवर चालतं. पावसाळ्यात डीपी बॉक्समध्ये (रस्त्यावरच्या, फोनच्या तारांच्या जोडांच्या डब्यात) पाणी शिरून लाईन खरखरायला लागली की फरक कळतो. एक दम तोडतो, दुसरा रडतखडत का होईना, निरोप पोचवतो.

कार्ड घासायची जुनी यंत्रंही याच कारणानं व्ही.२२ वर, म्हणजे १२०० वर, जोडणीचा वेळ आणखी कापून चालायची. दुकानदारासमोर गिऱ्हाईक उभं असताना पंधरा सेकंद फार असतात.

रोज मोठा लॉग ओढायचा असेल, शंभर केबी वगैरे, तर १४,४०० किंवा ३३,६०० चा विचार करा. तेव्हा व्ही.४२ ची चूकदुरुस्ती चालू ठेवा. वेग बांधून ठेवायची आज्ञा बऱ्याच मोडेममध्ये ‘एटी+एमएस’ अशी असते, काहींत वेगळी. डेटाशीटमध्ये पहा, आणि बांधून ठेवाच. मोडेमवर सोडलं तर तो दर वेळी वरच्या पायरीपासून भाव करायला सुरुवात करतो.

मायक्रोकंट्रोलरला जोडलं, पण ‘एटी’ला ‘ओके’ येत नाही.

‘एटी’ ही मोडेमला मारलेली हाक, ‘ओके’ ही त्याची ओ. ती येत नसेल तर दहातल्या सात वेळा टीएक्स (पाठवायची तार) आणि आरएक्स (घ्यायची तार) उलटे असतात. मोडेमच्या जगात पिनांची नावं संगणकाच्या बाजूनं दिलेली आहेत. मॉड्यूलवर ‘टीएक्सडी’ लिहिलेली पिन ही बहुतेक वेळा मोडेममध्ये *येणारी* असते. म्हणून कंट्रोलरचा टीएक्स तिलाच जोडायचा, तिरपा नाही. आर्डुइनोवर हात बसलेली मुलं इथेच अडकतात.

ते बरोबर असेल तर पुढचे संशयित बघा. मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आणि कंट्रोलर ५ व्होल्टचा. मधे आरएस-२३२ ची चिप घातली, पण मॉड्यूलला लॉजिक पातळीच हवी होती. डीटीआर पिन, म्हणजे ‘संगणक तयार आहे’ असं मोडेमला सांगणारी, हवेत लोंबकळते. ती शून्याला बांधा किंवा कंट्रोलरकडे घ्या. ‘ए’ मोठं आणि ‘टी’ लहान लिहिलं. दोन्ही एकाच आकाराची लागतात, कारण काही मोडेम त्यावरूनच तुमचा वेग ओळखतात.

आरटीएस-सीटीएसच्या, म्हणजे ‘पाठव’ आणि ‘थांब’ सांगणाऱ्या, दोन तारा ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. चूकदुरुस्ती चालू असताना लाईनवर खरखर झाली की मोडेम मागचा तुकडा पुन्हा पाठवतो, आणि तेवढ्यात तुमचा कंट्रोलर ओतत राहिला तर बफर भरून अक्षरं सांडतात. टेबलवर हे कधीच दिसत नाही, साइटवर दिसतं.

सप्लायला काय काळजी घ्यायची?

फार नाही. मॉड्यूलच्या पायाशी १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड ठेवा आणि रिलेच्या कॉइलची वाट त्याच्यापासून वेगळी काढा. रीसेटची पिन मात्र कंट्रोलरच्या ताब्यात हवी. नुसता रोध-कपॅसिटर लावून सोडलेला मोडेम सहा महिन्यांतून एकदा गप्प होतो, आणि मग कुणीतरी गाडी काढून नुसता स्विच बंद-चालू करायला साठ किलोमीटर जातो.

टेलिफोनच्या दोन तारा बोर्डवर कशा आणायच्या?

इथे घाई करायची नाही. आतापर्यंतचं सगळं तुमच्या डब्याच्या आतलं होतं. या दोन तारा बाहेरच्या आहेत: मैलभर रस्त्यातून, झाडांतून, कधी विजेच्या खांबाला घासून आलेल्या.

लाईन रिकामी असताना तिच्यावर ४८ व्होल्ट डीसी असतो. घंटी वाजते तेव्हा त्यावर सुमारे ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झचा एसी चढतो. ७५ चा शिखरबिंदू १०६, त्यात बॅटरीचे ५० च्या आसपास मिळवा. दीडशेच्या वर व्होल्ट क्षणोक्षणी येतात. बोट लावून बघा म्हणत नाही, पण एकदा बसला की जन्मभर लक्षात राहतो. मोडेमनं लाईन उचलली की व्होल्टेज सहा ते नऊपर्यंत घसरतं आणि वीस ते चाळीस मिलिअँपिअर वाहायला लागतात.

हे सगळं तुमच्या ३.३ व्होल्टच्या जगापासून तोडून ठेवायचं काम लाईन इंटरफेस करतो, ज्याला डीएए म्हणतात. जुन्या पद्धतीत ६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर, एक रिले आणि घंटी ओळखायला ऑप्टोकपलर. नव्या चिपमध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. एसआय२४ मालिकेत ३३ पिकोफॅरडचे दोन वाय२ दर्जाचे (सुरक्षेसाठी तपासलेले) कपॅसिटर हीच भिंत असते. तिथे साधा सिरॅमिक कपॅसिटर लावणं म्हणजे भिंतीच्या जागी पडदा लावणं. बोर्ड चालेल, पण माणूस सुरक्षित राहणार नाही.

लेआउटमध्ये या भिंतीच्या पलीकडे ग्राउंडचा पसारा जाऊ द्यायचा नाही, आतल्या थरांतही नाही. मागे एका मुलानं सुंदर चार थरांचा बोर्ड आणला होता. वरून लाईनची बाजू अगदी कोरी, आणि दुसऱ्या थरात टोकापासून टोकापर्यंत अखंड ग्राउंड. सॉफ्टवेअरनं आपोआप भरलं, म्हणाला. १५०० व्होल्टच्या चाचणीत त्या बोर्डनं टिचकीसारखा आवाज केला आणि विषय संपला.

किमान अंतर मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये दिलेलं असतं. मी त्याहून जास्त, सहा मिलिमीटर तरी सोडतो. पत्र्याच्या डब्याचा स्क्रू, उभा हीटसिंक, एलईडीची लांब पाय असलेली जोडी, यांचं अंतरही मोजा. आरजे-११ सॉकेटपासून (फोनची वायर खोचतात ते) मॉड्यूलपर्यंतचे दोन ट्रॅक रुंद आणि आखूड ठेवा, कारण सर्ज आला तर तो त्यांच्यातूनच जाणार.

दर मे महिन्यात मोडेम जळतात. काय करावं?

वळवाचा पाऊस. पुण्याच्या आजूबाजूला जूनच्या पावसापेक्षा मे महिन्यातल्या त्या चार-पाच संध्याकाळी जास्त नुकसान करतात. वीज लाईनवर पडावीच लागत नाही. अर्ध्या किलोमीटरवर पडली तरी खांबावरच्या तारेत धक्का बसतो.

पहिली फळी बोर्डवरच. दोन तारांच्या मधे पी३१०० जातीचा सायडॅक्टर लावा. तो २७५ व्होल्टपर्यंत गप्प बसतो, म्हणजे घंटीच्या दीडशे-एकशेसाठला जागा होत नाही, आणि त्यापुढे लाईन जवळपास शॉर्ट करून टाकतो. इथे १५० व्होल्टचा भाग लावणारे भेटतात. मग दर घंटीला लाईन उचलल्यासारखी होते आणि ‘फोन लागतो पण वाजत नाही’ अशी तक्रार येते. त्याच्या आधी एका तारेत १.२५ अँपिअर, ६०० व्होल्टचा टेलिकॉमसाठीचा फ्यूज. काचेचा साधा फ्यूज चालत नाही. लाईनवर विजेची तार पडली तर तो फुटल्यावरही आतून ठिणगी चालू राहते.

दुसरी फळी इमारतीत लाईन शिरते तिथे: तीन पायांचा गॅस डिस्चार्ज ट्यूब, मधला पाय अर्थला (जमिनीला). आणि इथेच खरी मेख आहे. वेल्ह्याकडच्या एका पंपघरात एकाच उन्हाळ्यात आमची तीन मॉड्यूलं गेली. संरक्षण सगळं होतं. शेवटी मी स्वतः जाऊन पाहिलं, तर मोटरच्या पॅनेलचा अर्थ एका खड्ड्यात आणि फोनच्या ट्यूबचा अर्थ वीस पावलांवर दुसऱ्या खड्ड्यात. वीज पडली की दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक, आणि तो फरक मिटवायची एकच वाट उरते: आमचा मोडेम. दोन्ही अर्थ जाड पट्टीनं एकत्र बांधले. त्यानंतर तिथून फोन आला तो बिल पाठवा म्हणून.

एक सूचना: इन्सुलेशनची चाचणी घेताना ती ट्यूब काढून ठेवा, नाहीतर चांगला बोर्ड नापास होईल.

सुरुवातीला कोणत्या आज्ञा द्यायच्या?

या आज्ञांची घडण १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासूनची आहे. चाळीस वर्षांनंतरही भाषा तीच.

‘एटी&एफ’ देऊन कारखान्याच्या सेटिंगवर आणा. मग ‘ई०’ म्हणजे मोडेम तुमचीच अक्षरं परत बोलून दाखवणार नाही. ‘&सी१’ म्हणजे डीसीडी पिन जोडणी आहे की नाही याची खरी परिस्थिती सांगेल. ‘&डी२’ म्हणजे डीटीआर सोडली की फोन ठेवला जाईल. ‘एस०=०’ म्हणजे स्वतःहून फोन उचलू नकोस; एस० हा मोडेमच्या आतल्या, आकडे ठेवायच्या कप्प्यांतला पहिला. उत्तरं शब्दांत हवीत की आकड्यांत, ते ‘व्ही१’ आणि ‘व्ही०’ ठरवतात. काम चालू असताना शब्द बरे, शेवटच्या फर्मवेअरमध्ये आकडे: ० ओके, ३ नो कॅरिअर, ४ एरर, ६ डायलटोन नाही, ७ एंगेज. जोडणी झाल्याचा आकडा वेगाप्रमाणे बदलतो; १२०० ला ५, २४०० ला १०.

‘&डब्ल्यू’नं सेटिंग मोडेमच्या आत साठवून त्यावर विसंबू नका. दर रीसेटनंतर सगळी ओळ पुन्हा पाठवा. उद्या साइटवर कुणी मॉड्यूल बदललं, तर नव्याला तुमची साठवलेली सेटिंग कुठून माहीत असणार?

‘नो डायलटोन’ येतं, पण फोन लावला तर टोन ऐकू येतो.

मोडेम अमेरिकेच्या सेटिंगवर आहे. तिकडचा डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झचं मिश्रण असतो, आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झनं थरथरणारा. देशाचं सेटिंग बदला; बऱ्याच मोडेममध्ये ते ‘एटी+जीसीआय=५३’ आहे, ५३ हा भारताचा सोळा-अंकी पद्धतीतला कोड. त्यानं एंगेज टोनही नीट ओळखला जातो.

लाईन ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजच्या) मागे असेल तर त्याचा टोन आणखी निराळा. तिथे ‘एक्स३’ द्या, म्हणजे मोडेम टोनची वाट न बघता डायल करेल. बाहेरची लाईन घ्यायला शून्य किंवा नऊ लागत असेल तर त्यापुढे स्वल्पविराम टाका; एक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांबा, आणि हा वेळ एस८ मध्ये बदलता येतो. ईपीएबीएक्सच्या डिजिटल एक्स्टेन्शनवर मात्र मोडेम लावू नका. सॉकेट तेच दिसतं, आतला प्रकार वेगळा असतो. रिसेप्शनच्या बटणांच्या फोनची वायर काढून तिथे मोडेम खोचणारे महाभाग मी पाहिलेत.

आधी मोबाईलवर कॉल जायचा, एका दिवसापासून बंद झाला. मोडेम बिघडला का?

नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लागतो. डायलरमध्ये दहाच आकडे साठवले होते ती सगळी उपकरणं त्या दिवशी मुकी झाली. त्या आठवड्यात माझ्या फोनला उसंत नव्हती. म्हणून फोननंबर फर्मवेअरमध्ये कोरू नका, साइटवर बदलता येईल असा ठेवा, आणि वीस आकड्यांची जागा द्या.

पुण्यातल्या पुण्यात लँडलाइनवरून लँडलाइनला ०२० लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

त्याच लाईनवर फोनही ठेवला तर?

ठेवता येतो, पण भांडणं होतात. मधेच कुणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटते. उपकरणानं डायल करण्याआधी लाईनवरचं व्होल्टेज तपासावं. ४८ च्या जागी दहाच्या खाली दिसलं तर कुणीतरी बोलतंय. एसआय३०१८ सारखी चिप हे स्वतः सांगते. कॉल वेटिंगच्या टिकटिकीनं जोडणी तुटत असेल तर एस१० चा आकडा वाढवा. तो सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, नेहमीचा १४ म्हणजे १.४ सेकंद. ब्रॉडबँडही त्याच तारेवर असेल तर मोडेमच्या आधी तोच छोटा फिल्टर लावा जो फोनला लावतात.

समोरच्यानं फोन ठेवला तरी आमचा मोडेम लाईन सोडत नाही.

मोडेम-मोडेम बोलत असतील तर वाहक लहर गेल्यावर तो सोडतो. अडतो कधी, तर जोडणी होण्याआधी किंवा चुकून माणसाचा फोन उचलला तेव्हा. त्यावर एकच उपाय: कंट्रोलरमध्ये स्वतःचं घड्याळ. फोन लागल्यापासून अमुक मिनिटांत काम झालं नाही तर डीटीआर सोडा, तरी नाही जमलं तर रीसेट. लोकल कॉलची तीन मिनिटांची पल्स असायची त्या काळात आमचं एक उपकरण शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत फोन धरून बसलं होतं. गिऱ्हाइकानं ते बिल फ्रेम करून लावायची धमकी दिली.

डीटीआरच का? ‘+++’ देऊन ‘एटीएच’ पाठवलं तर?

‘+++’ म्हणजे डेटा थांबवून आज्ञा ऐक, ‘एटीएच’ म्हणजे फोन ठेव. चालतं, पण नखरे आहेत. तीन अधिकचिन्हांच्या आधी आणि नंतर एकेक सेकंद पूर्ण शांतता लागते (एस१२ मध्ये ५०; तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात असतो). हेजनं या शांततेच्या युक्तीवर १९८५ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं; पैसे वाचवायला काही बनवणाऱ्यांनी ती गाळली आणि डेटात ‘+++एटीएच’ आलं की त्यांचे मोडेम फोन ठेवून द्यायचे. तुमच्या डेटात काय येईल याची खात्री नसेल तर डीटीआरसाठी एक पिन खर्च करा.

लाईन आता फायबरच्या डब्यातून येते. मोडेम चालेल का?

कधी चालेल, कधी नाही. ओएनटीच्या, म्हणजे त्या फायबरच्या डब्याच्या, आरजे-११ मधून येणारा फोन खरं तर इंटरनेटवरचा आवाज असतो. डायलटोन, घंटी सगळं हुबेहूब, पण पुढे आवाजाचे तुकडे करून पाठवले जातात. जी.७११ पद्धतीत आवाज जसाच्या तसा जातो, मोडेमला आशा आहे. जी.७२९ सारखी दाबून पाठवणारी पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहे; मोडेमचं गाणं तिला कळत नाही.

फोन उचलणारा मोडेम सुरुवातीला जो २१०० हर्ट्झचा लांब सूर काढतो, तो वाटेतल्या उपकरणांना ‘माणूस नाही, यंत्र आहे’ असं सांगण्यासाठीच. चांगला ओएनटी तो ऐकून शांततेतली काटछाट बंद करतो. सूर ठराविक अंतरानं उलटत असेल तर प्रतिध्वनी दाबणंही थांबवतो. सगळेच तेवढे शहाणे नसतात. २४०० वर बांधलेला मोडेम इथे बहुतेक वेळा निभावतो, व्ही.३४ क्वचितच. एक तुकडा हरवला तरी पुन्हा पाठवेल अशी तपासणी तुमच्या निरोपातच ठेवा: लांबी, सीआरसी (चूक पकडायचा आकडा) आणि समोरून पोच.

आणि लाईट गेली की ओएनटी झोपतो. वर सांगितलेला तांब्याचा गुण इथे संपतो. ओएनटीला बॅटरी द्या.

परवानगी, प्रमाणपत्र वगैरे लागतं का?

विकणार असाल तर लागतं. दूरसंचार विभागाच्या टीईसी या तांत्रिक केंद्राची सक्तीची चाचणी आणि प्रमाणन योजना आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात, १ ऑक्टोबर २०१९ पासून, दोन तारांचे फोन, फॅक्स, ईपीएबीएक्स यांच्यासोबत मोडेमही आले. मॉड्यूलकडे अमेरिकेचं, फोन लाईनला जोडायच्या उपकरणांसाठीचं पार्ट ६८ चं प्रमाणपत्र आहे, हे इथे पुरेसं नाही. त्यानं फक्त चाचणी पास होण्याची शक्यता वाढते. बोर्ड पक्का करण्याआधी प्रयोगशाळेशी बोला, नंतर नाही.

टेबलवर लाईनशिवाय चाचणी कशी घ्यायची?

दोन मोडेम नुसत्या तारेनं जोडून चालत नाहीत, कारण लाईनला बॅटरी कुणी द्यायची? छोटा दोन-चार एक्स्टेन्शनचा ईपीएबीएक्स सगळ्यात सोयीचा. जुना चालेल, बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर मिळूनही जातो. तेही नसेल तर २४ व्होल्टचा सप्लाय, ४७० ओहमचा अर्ध्या वॅटचा रोध आणि दोन्ही मोडेम, सगळं एका माळेत. दोन मोडेमवर मिळून चौदा-पंधरा व्होल्ट पडले तरी वीस मिलिअँपिअरच्या आसपास वाहतात. घंटी नाही, टोन नाही, म्हणून एकाला ‘एक्स३’ देऊन ‘एटीडी’ (डायल कर) आणि दुसऱ्याला ‘एटीए’ (फोन उचल) द्या.

टेबलवर शंभरदा जुळलं म्हणून खूश होऊ नका. तिथली लाईन दोन फुटांची आहे.

मॉड्यूल पुण्यात कुठे मिळेल?

तपकीर गल्लीत सायडॅक्टर, फ्यूज, आरजे-११, ट्रान्सफॉर्मर मिळतील. मॉड्यूल मिळालंच तर बहुधा जुन्या यंत्रातून काढलेलं. पिनांवर पुन्हा कथील चढवल्याच्या खुणा बघा, आणि दोन नग घेऊन ‘एटीआय३’ देऊन फर्मवेअर एकच आहे का ते तपासा. उत्पादनासाठी मात्र अधिकृत वितरकाकडूनच, आणि पुढच्या पाच वर्षांचे स्पेअर आधीच घेऊन ठेवा. हे भाग एकेक करत बंद होत चाललेत.

दोष लाईनचा आहे की मोडेमचा, हे लाईनमनला कसं पटवायचं?

मोडेम काढा. ‘तुमच्या मशिनमुळेच होतंय’ या वाक्याला जागाच ठेवू नका. साधा फोन लावा आणि कुठलाही एक आकडा दाबून टोन थांबवा. मागे उरलेली शांतता ऐका. खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर त्याच्याही कानाला लावा. मग मल्टिमीटर: रिकाम्या लाईनवर ४८ च्या आसपास, फोन उचलल्यावर सहा ते नऊ. रिकामी असतानाच चाळीसच्या खाली असेल तर कुठेतरी पाणी किंवा गळती आहे. उचलल्यावर माळेत मीटर लावून वीस मिलिअँपिअर मिळत नसतील तर जोड कुजलाय.

हे आकडे तारखेसकट वहीत लिहून ठेवा, कोरड्या दिवसाचे आणि पावसातले वेगवेगळे. आमच्या वहीतलं पान दाखवल्यावर एका लाईनमननं काही न बोलता सायकल काढली, कोपऱ्यावरच्या डीपी बॉक्समधला हिरवा पडलेला जोड कापला आणि नवा बांधून दिला. जाताना म्हणाला, “साहेब, पेअर बदलून दिलीय. जुनी रिकामी आहे, पण वापरू नका.”